आधी पत्ता, मग नाव

लघुग्रहांवरचा भाग ऐकून लुडविग्सहाफेनहून एका श्रोतीने आम्हाला व्हॉइस मेसेज पाठवला. तिच्या साताऱ्याच्या मावसबहिणीने आठवीत असताना शाळेतर्फे एका शोधमोहिमेत भाग घेतला होता. मोठ्या दुर्बिणीने काढलेले फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक बघायचे आणि त्यात सरकणारा ठिपका शोधायचा, असं काम. तिला ठिपका सापडला. प्रमाणपत्र आलं, स्थानिक पेपरात फोटो आला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस अभिनंदन चाललं. लघुग्रहाला आजीचं नाव द्यायचं, असंही ठरून गेलं. या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. आजी ऐंशीच्या पुढे आहेत आणि दर फोनवर विचारतात, "माझ्या ताऱ्याचं काय झालं गं?" श्रोतीचा प्रश्न सरळ होता: आम्हाला कुणी फसवलं का?

बहुतेक नाही. पण "सापडला" आणि "नाव ठेवलं" या दोन शब्दांच्या मध्ये काय काय घडावं लागतं, हे त्या कुटुंबाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. तेच आज सांगतो. आणि श्रोती लुडविग्सहाफेनची आहे ते बरंच झालं, कारण या गोष्टीचा मोठा भाग तिच्या घरापासून एस-बानने अर्ध्या तासावर घडलाय.

मॅनहाइमचा पत्ता, नावरसाचं नाव

लुडविग्सहाफेनहून ऱ्हाइनचा पूल ओलांडून मॅनहाइमला गेलात की पहिल्यांदा गोंधळायला होतं. मॅनहाइमच्या जुन्या शहरात बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. एक अक्षर, एक आकडा, मग घर नंबर. मॅनहाइमची जुनी वेधशाळाही अशाच एका चौकोनात उभी आहे: ए ४. ऐकायला रुक्ष वाटतं, पण एकदा पद्धत कळली की पत्त्यावरूनच जागा समजते, कुणाला विचारावं लागत नाही.

नव्याने दिसलेल्या लघुग्रहाला आधी असाच पत्ता मिळतो. फरक इतकाच की तो जागेवरून ठरत नाही, वेळेवरून ठरतो. आपल्याकडे बाळाच्या जन्मवेळेचं नक्षत्र आणि चरण बघून एक अक्षर काढतात आणि त्यावरून नावरसाचं नाव ठेवतात ना? आईवडिलांची आवड तिथे चालत नाही. वेळ सांगितली की अक्षर ठरलं. हेही तसंच.

एक उदाहरण सोडवून बघू: २००६ व्हीपी३२. पहिला आकडा म्हणजे वर्ष. पुढचं अक्षर म्हणजे पंधरवडा. वर्षाचे चोवीस पंधरवडे, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याला ए, दुसऱ्याला बी, असं करत डिसेंबरअखेर वाय. एकाशी गल्लत होऊ नये म्हणून आय हे अक्षर वगळलेलं. या हिशोबाने व्ही म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर. त्यानंतरचं अक्षर म्हणजे त्या पंधरवड्यातला अनुक्रम. आय वगळून ए ते झेड ही पंचवीस अक्षरं संपली की पुन्हा ए पासून सुरुवात, आणि कितव्यांदा फेरा झाला ते शेवटच्या आकड्यात. पी हे पंधरावं अक्षर, आणि ३२ पूर्ण फेरे. बत्तीस गुणिले पंचवीस, अधिक पंधरा: ८१५. म्हणजे नोव्हेंबर २००६ च्या पहिल्या पंधरवड्यात नोंदला गेलेला आठशे पंधरावा लघुग्रह. आता एवढं कळल्यावर तुम्ही कुठल्याही लघुग्रहाचा जन्मपंधरवडा काढू शकता.

ही आजची पद्धत १९२५ पासूनची. पण तात्पुरतं नाव देण्याची गरज पडली ती त्याआधी, आणि ती हायडेलबर्गमुळे. मॅक्स वोल्फ तिथला. आईवडिलांच्या घरीच त्याची वेधशाळा होती. तोवर लघुग्रह शोधायचे म्हणजे रात्रभर डोळा लावून तारे नकाशाशी ताडून पाहायचे. वोल्फने दुर्बिणीला कॅमेरा जोडला. तासन्‌तास प्रकाश घेतलेल्या काचेवर तारे ठिपक्यांसारखे उमटतात, आणि मधल्या वेळात सरकलेला लघुग्रह छोट्या रेघेसारखा. २२ डिसेंबर १८९१ ला त्याला अशी रेघ मिळाली. फोटोवरून सापडलेला तो पहिला लघुग्रह: ३२३ ब्रुसिया. खगोलशास्त्राला सढळ हाताने पैसे देणाऱ्या अमेरिकेच्या कॅथरीन वोल्फ ब्रूस यांचं हे नाव. मग रेघांचा पाऊसच सुरू झाला. कुठली रेघ नवी, कुठली जुनीच, हे ठरायच्या आत पुढच्या दहा हजर. म्हणून १८९२ पासून वर्ष आणि अक्षर असं तात्पुरतं नाव द्यायला लागले. पहिलं १८९२ ए वोल्फच्याच एका लघुग्रहाला मिळालं. पुढे त्याचं नाव पडलं बाडेनिया, हायडेलबर्ग ज्या बाडेन प्रांतात आहे त्यावरून.

नाव होतं, पत्ता हरवला

पण तात्पुरतं नाव मिळाल्यावर लगेच खरं नाव का देत नाहीत? याचं उत्तरही हायडेलबर्गलाच आहे, शहराच्या मागच्या क्योनिगश्टूल डोंगरावर. वरपर्यंत डोंगररेल्वे जाते, एखाद्या रविवारी जाऊन या. १८९८ मध्ये तिथे नवी वेधशाळा उभी राहिली. वोल्फनंतरच्या पिढीत तिथे कार्ल राइनमुथ काम करायचा. जवळपास चारशे लघुग्रह त्याच्या नावावर आहेत.

२८ ऑक्टोबर १९३७ ला राइनमुथच्या काचेवर एक नेहमीपेक्षा फारच लांब रेघ आली. लांब रेघ म्हणजे वेगाने सरकणारी वस्तू, आणि इतक्या वेगाने सरकताना दिसते म्हणजे ती आपल्या अगदी जवळ आहे. हिशोब केल्यावर कळलं की ती पृथ्वीपासून साडेसात लाख किलोमीटरच्या आतून गेली. चंद्राच्या अंतराच्या दुपटीहूनही कमी. तात्पुरतं नाव १९३७ यूबी. पण एवढी खळबळ उडाली की पुढचं काही ठरायच्या आधीच तिला नावही मिळालं: हर्मीस, ग्रीकांचा चपळ पायांचा देवदूत.

आणि हर्मीस हरवला. तो जेमतेम चार-पाच दिवस दिसला होता. लांबलचक लंबवर्तुळाचा एवढा छोटासा तुकडा हातात असेल तर उरलेलं वर्तुळ नेमकं कसं असेल, हे सांगता येत नाही. पुण्याच्या रस्त्यावर एखादी गाडी दोन सेकंद दिसली, तेवढ्यावरून ती संध्याकाळी कुठे असेल ते सांगा म्हटल्यासारखं. थोडी चूक दरवर्षी वाढत जाते आणि शेवटी आकाशात कुठे बघायचं तेच कळेनासं होतं. हर्मीसचं नाव पुस्तकांत छापून येत राहिलं आणि स्वतः हर्मीस बेपत्ता. १५ ऑक्टोबर २००३ ला अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये ब्रायन स्किफ यांना तो पुन्हा सापडला, सहासष्ट वर्षांनी. रडारने पाहिल्यावर कळलं की तो एक नाही, एकमेकांभोवती फिरणारे जवळपास सारखे दोन गोळे आहेत. मग कुठे त्याला कायमचा क्रमांक मिळाला: ६९२३०.

जर्मनीत आल्यावर आधी आनमेल्डुंग करावी लागते हे तुम्हाला सांगायला नकोच. पत्त्याची नोंद नसेल तर पुढचं जवळजवळ सगळं अडतं. लघुग्रहांचंही आता तसंच आहे. तो पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी कुठे असेल हे खात्रीने सांगता आलं की मगच क्रमांक. आणि क्रमांक आला की मगच नाव.

ही खात्री व्हायला वेळ का लागतो, तेही पाहू. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह आपल्याला सगळ्यात नीट दिसतो तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आल्यावर. असा योग साधारण सव्वा ते दीड वर्षाने एकदा येतो. क्रमांक मिळायला सहसा असे चार योग तरी साधावे लागतात. म्हणजे पाच-सहा वर्षं गेलीच. मधला एखादा योग ढगांमुळे किंवा दुसऱ्याच कामात गुंतलेल्या दुर्बिणींमुळे हुकला तर आणखी उशीर. साताऱ्याच्या मुलीची तीन वर्षं या मापाने काहीच नाहीत.

बारशाचे नियम

क्रमांक लागला की नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा. दहा वर्षांची मुदत असते. नाव आंतरराष्ट्रीय खगोलीय संघटनेच्या समितीकडे पाठवायचं, सोबत ते का द्यायचं त्याच्या दोन-चार ओळी. लॅटिन लिपीत सोळा अक्षरांच्या आत बसायला हवं, शक्यतो एक शब्द, उच्चारता येण्याजोगं, कुणाचा अपमान न करणारं, आधीच्या नावाशी फार साम्य नसलेलं. जाहिरात चालत नाही. राजकारणी आणि सेनानी यांची नावं त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षं उलटल्याशिवाय नाहीत. आजीचं नाव मात्र चालतं. आजवर कित्येक शोधकर्त्यांनी घरच्या माणसांची नावं दिली आहेत.

मघाचा २००६ व्हीपी३२ आठवतोय? त्याला पुढे ३००१२८ हा क्रमांक मिळाला आणि २०१९ मध्ये नाव मिळालं: पंडितजसराज. सलग एक शब्द. क्रमांक उलट्या बाजूने दोन-दोन आकडे घेत वाचा: २८, ०१, ३०. पंडितजींची जन्मतारीख, २८ जानेवारी १९३०. शोधापासून नावापर्यंत तेरा वर्षं लागली.

राइनमुथची एक गंमत सांगायलाच हवी. लघुग्रहांच्या कक्षा मोजणारे गुस्ताव श्ट्राके भिडस्त होते. माझं नाव कुठल्याही लघुग्रहाला देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. राइनमुथने शब्द पाळला. त्याच्या १२२७ ते १२३४ या आठ लघुग्रहांना झाडाफुलांची नावं पडली: गेरॅनियम, स्कॅबिओसा, टिलिया, राइसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. यातलं राइसिया तेवढं कसं मध्ये घुसलं ते सोडा, रोमन लिपीतली आद्याक्षरं जोडून बघा. जी. श्ट्राके!

आज आठ लाखांहून जास्त लघुग्रहांना क्रमांक आहेत. नावं आहेत ती जेमतेम पंचवीस हजारांच्या आसपास. बाकीचे नुसत्या पत्त्यावर सुखाने फिरतायत.

इथेच एक सावधगिरी. वाढदिवसाला "तुमच्या नावाचा तारा" विकणाऱ्या वेबसाइट तुम्ही पाहिल्या असतील. पैसे भरा, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र घ्या. त्या नावाला खगोलशास्त्रात काहीही मान्यता नसते. आंतरराष्ट्रीय खगोलीय संघटना ताऱ्यांची किंवा ग्रहांची नावं विकत नाही. आजींना खूश करायचा हा झटपट मार्ग कुणी सुचवला तर हे लक्षात ठेवा.

नाव एक, जात वेगळी

आता वर्गीकरण. नाव आणि वर्ग यांची गल्लत आपण रोज करतो, आणि लुडविग्सहाफेनकरांना याचं उत्तम उदाहरण घरातच आहे. बीएएसएफ मधलं पहिलं अक्षर "बाडिशे", म्हणजे बाडेनची. कंपनी १८६५ मध्ये मॅनहाइमला, म्हणजे बाडेनमध्ये स्थापन झाली. कारखाना मात्र उभा राहिला नदीच्या या बाजूला, तेव्हा बव्हेरियाच्या ताब्यात असलेल्या फाल्ट्समध्ये. बाडेनची कंपनी कधी बाडेनमध्ये वाढलीच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आकाशातही असंच. १९०६ मध्ये वोल्फला गुरूच्याच कक्षेत, गुरूच्या साठ अंश पुढे चालणारा एक लघुग्रह मिळाला: ५८८ अकिलीस. मग ऑगस्ट कॉप्फला तसेच आणखी सापडले, काही गुरूच्या पुढे, काही मागे. ट्रोजन युद्धातल्या वीरांची नावं द्यायचं ठरलं. पुढे नियम झाला की पुढच्या टोळीला ग्रीकांची नावं, मागच्या टोळीला ट्रॉयकरांची. पण नियम यायच्या आधीच अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस ट्रॉयकरांच्या छावणीत जाऊन बसला होता, आणि ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या. अजून तिथेच आहेत. लघुग्रहाचा वर्ग त्याची कक्षा ठरवते, नाव नाही. पृथ्वीची कक्षा ओलांडणाऱ्या एका मोठ्या वर्गाला अपोलो म्हणतात, कारण राइनमुथला १९३२ मध्ये मिळालेला १८६२ अपोलो हा त्यांचा पहिला नमुना. त्याच अपोलो वर्गात ४०३४ विष्णूही आहे. ग्रीक देवाच्या घरात आपला विष्णू भाड्याने राहतोय म्हणा ना.

वर्ग माहितीप्रमाणे बदलतो, आणि बदलायलाच हवा. १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेलने इंग्लंडमधून एक नवी वस्तू पाहिली आणि धूमकेतू म्हणून कळवली. कक्षा मोजल्यावर तो ग्रह निघाला. हर्शेलला त्याला इंग्लंडचा राजा जॉर्जचं नाव द्यायचं होतं. काहींनी शोधणाऱ्याचंच नाव वापरलं. बर्लिनच्या बोडने युरेनस सुचवलं आणि शेवटी जगात तेच रुजलं. आपल्या मराठी पंचांगात मात्र तो अजून "हर्षल" आहे! हॅनोव्हरच्या एका जर्मन संगीतकाराचं आडनाव आपल्या कुंडल्यांत जाऊन बसलंय, आणि ऐकायला इतकं मराठी की कुणाला शंकाही येत नाही.

याच पंचांगाच्या जगातून एक मराठी गणिती नवा ग्रह शोधायला निघाला होता. वेंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४, नरगुंद. पेशाने शिक्षक. पंचांगाची गणितं आधुनिक वेधांशी जुळवून घेणारा "ज्योतिर्गणित" हा त्यांचा ग्रंथ. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलीय संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला: नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, आणि त्यांची नावं ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर त्यांनी काढलं पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट, फेरा सुमारे २४२ वर्षांचा. १८ फेब्रुवारी १९३० ला क्लाइड टॉमबॉने प्लूटो शोधला. सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरा २४८ वर्षांचा. केतकर त्याच वर्षी वारले.

मग प्लूटोला ब्रह्मा का म्हणायचं नाही? अभिमान वाटावा असं हे काम आहे, पण उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत जसं प्रमाण दिसतं तसं प्रमाण बाहेरच्या ग्रहांत असेल, असं केतकरांनी गृहीत धरलं होतं. त्यांच्या कल्पनेतला ग्रह चांगला भारदस्त होता, प्लूटो आपल्या चंद्रापेक्षाही लहान. अंतर जुळलं तो योगायोग मानतात. त्यातून, पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहून दाखवतो नाव सुचवायचा मान त्याच्या बाजूचा. प्लूटो हे नाव ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने सुचवलं आणि टॉमबॉच्या वेधशाळेने ते उचललं. आकाशातला एखादा ग्रह शाळकरी मुलीच्या शब्दावर नाव घेऊ शकतो, हे साताऱ्याला जरूर कळवा.

पुढे प्लूटोचाच वर्ग बदलला. २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये ग्रहाची व्याख्या ठरली: सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला, आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला. तिसऱ्या अटीत प्लूटो अडला आणि बटुग्रह झाला. त्याला लघुग्रहांच्या यादीत १३४३४० हा क्रमांकही मिळाला. नाव तेच राहिलं. २०१७ मध्ये हवाईहून दिसलेल्या ओउमुआमुआचा वर्ग तर काही आठवड्यांत बदलत गेला: आधी धूमकेतू, मग लघुग्रह, आणि शेवटी दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या पाहुण्यांसाठी नवाच वर्ग काढून त्यात पहिला क्रमांक.

जिथे समिती नाही

प्रत्येक गोष्टीला एवढे सोपस्कार लागतात असं नाही. दूरच्या दीर्घिकांना बहुधा नुसते यादीतले क्रमांक असतात, आणि शोधणारे आपल्या शोधनिबंधात हाक मारायला एक नाव ठेवतात. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसरच्या खगोलशास्त्रज्ञांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर असलेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला सरस्वती म्हटलं. ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांसाठी २०१९ मध्ये देशादेशांतल्या लोकांकडून नावं मागवली होती. भारताने तारा निवडला बिभा, वैश्विक किरणांवर काम केलेल्या बिभा चौधुरींवरून, आणि त्याचा ग्रह संतमस. जर्मनीने आपल्या वाट्याच्या ताऱ्याला मागो आणि ग्रहाला नेरी म्हटलं. तो तारा आकाशातल्या जिराफाच्या समूहात आहे, म्हणून जिराफांसाठी प्रसिद्ध असलेलं इथिओपियातलं उद्यान आणि तिथली नदी. तुम्ही दोन्ही देशांत अर्धे-अर्धे राहता, तेव्हा दोन्ही नावं तुमचीच.

आजींना काय सांगायचं

साताऱ्याच्या बहिणीला तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्रावर फक्त प्राथमिक निरीक्षण लिहिलंय, की वर्ष-अक्षर-आकडा असं तात्पुरतं नाव आहे? पहिलं असेल तर तो ठिपका दुसऱ्या रात्री कुणाला दिसला की नाही, इथपासून प्रश्न आहे. तात्पुरतं नाव असेल तर अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या वेबसाइटवर ते टाका. आत्तापर्यंतचे वेध आणि कक्षा तिथे कुणालाही बघता येतात. तिसरं, शोधाचं श्रेय कुणाकडे नोंदलंय? कधीकधी तोच लघुग्रह आधी दुसऱ्या दुर्बिणीत टिपला गेल्याचं निघतं, आणि मग मानही तिकडे जातो. हे वाईट वाटण्यासारखं आहे, पण शक्य आहे. आधीच माहीत असलेलं बरं.

आणि आजींना आज रात्री फोन केलात तर खोटं सांगू नका, पण निराशही करू नका. म्हणा, "आजी, तो तारा नाही, लघुग्रह आहे. पाळण्यात आहे. अजून त्याचा पत्ता पक्का व्हायचाय. बारशाला वेळ आहे."